मीटरवरची नजर

माझी यल्लू विमान चालवायला भ्याली, असं आमचं सगळं कंग्राळी गाव म्हणतंय. मी तिची आई, मालुबाई. खरं काय झालं ते मला ठावं हाय, आणि लई दिवस गप्प बसून झालं.

आमचं मालक नागोजी हवाई दलात नोकरीला हुते. पायलट न्हवं, विमानातली मीटरं दुरुस्त करायचं काम. पेन्शनीवर घरी आले तरी सांबऱ्याच्या विमानतळाकडनं विमानाची घरघर आली की जेवता जेवता उठून अंगणात जायचे. मग भंगार बाजारातनं जुनी मीटरं आणली, फळीवर ठोकली आणि म्हशी इकल्यावर मोकळ्या झालेल्या गोठ्यात विमानच मांडलं. खुर्ची, पुढं दांडका, पायाखाली सायकलची पायडलं. फळीच्या पाठीमागं हे स्वतः बसायचे आणि तारा ओढून काटे फिरवायचे. काटा डावीकडं गेला की खुर्चीतल्या माणसानं दांडका उजवीकडं घ्यायचा. पोरासोरांची हौस ह्यांना चाळिशी उलटल्यावर आली.

बरं, एकट्यानं खेळावं की. पण तारा ओढायला हे, म्हणून खुर्चीत बसायला यल्लू. पीयूसीला, म्हंजे अकरावीला, असल्यापासनं रोज सांजच्याला बसवायचे. पोरगी हुशार, तिला गोडीबी लागली. ह्यांचा एकच धोशा, मीटरवरनं नजर हलवायची न्हाय. एकदा मी दारात चहा घेऊन उभारले, तिनं मान वळवली, तर हे फळीमागनं उठून आले आणि तिच्या हातावर पट्टी मारली. "वर बघितलीस की मेलीस," म्हणाले. माझा चहा तसाच निवला.

मी त्या दिवशी इचारलं, "अहो, तुमी कधी पुढं बसून चालवलायसा काय विमान?"

"मीटर खोटं बोलत न्हाय, माणसाचे डोळे बोलत्यात," म्हणाले. माझ्या प्रश्नाचं उत्तर ठावं हुतं मला. जन्मभर ह्या माणसानं विमान बघितलं ते मीटराच्या मागल्या अंगानं, हातात पाना घेऊन.

चौऱ्याऐंशी साली हुबळीकडं विमान शिकवणाऱ्या एका क्लबात पोरींसाठी स्कॉलरशिप निघाली. यल्लूला ती मिळाली, आणि त्याच आठवड्यात मास्तरकीच्या कोर्साची, टीसीएचची सीटबी आली. मी म्हटलं, मास्तरीण हो बाई, घरची भाकर खाऊन शाळेत जाशील. यल्लू म्हणाली, "आई, सीट दुसऱ्या कुणाला तरी मिळंल. हे मला पुन्हा मिळणार न्हाय." तिचा जीव त्यात हुता, खोटं कशाला बोलू? सीट सोडली.

दिवाळीला आली ती वाळून आलती. "सर लई रागावत्यात," एवढंच बोलली. पण एकटीनं विमान उडवायचा दिवस जवळ आलाय म्हटल्यावर ह्यांना कुठला दम निघतोय. तिला शिकवणाऱ्या सायबाला द्यायला गोड म्हणून कुंदा घेतला आणि मलाबी घेऊन हुबळीला निघाले.

मैदानाच्या कडंला आमी दोघं उभारलो. सायेब आणि यल्लू मिळून वर गेले. विमान जरा सरळ जायचं, आणि एकदम एका अंगाला कलायचं, परत सरळ, परत कलायचं. खाली उतरल्यावर सायेब इंग्रजीत लई वेळ बोलला. शेवटाला त्यानं काय तरी इचारलं. यल्लूनं ह्यांच्याकडं बघितलं. मग सायबाला दोन शब्दांत उत्तर दिलं. ह्यांना इंग्रजी येतंय, सगळं कळलं हुतं, तरी हात पाठीमागं बांधून उभे. सायबानं मान हलवली आणि गेला.

यल्लू पेटी घेऊन आमच्यासंगंच निघाली. परतीच्या बसमधी धारवाड मागं पडल्यावर मी यल्लूला इचारलं, काय झालं गं?

तिनं सांगितलं. म्हणाली, शिकायला लागल्यावर बाहीर बघून चालवायचं असतंय, आभाळ आणि जमीन मिळती तिथं नजर ठेवायची. मीटरं मधनंमधनं बघायची. तिची नजर काय मीटरावरनं निघायची न्हाय. आज सायबानं मीटरं वर्तमानपत्रानं झाकली, तर हिनं विमान सोडून ते वर्तमानपत्रच उचलायला हात घातला.

"मग शेवटाला काय इचारलं?"

"आधी तुला कुणी शिकवलंय काय म्हणाले. कुणाची वाईट सवय लागली असंल तर ती मोडता येती, पहिल्यापासनं शिकवतो. तुझा स्वभावच असला असंल तर उद्यापासनं येऊ नकोस."

"आणि तू?"

"कुणी न्हाय म्हटलं."

माझ्या अंगाचा भडका उडाला. पुढल्या सीटावर हे बसलेले. मी खांद्याला धरून हलवलं. "तिनं तुमचं नाव राखलं. तुमास्नी तोंड नव्हतं काय? मी शिकवलं म्हणायला काय जात हुतं?"

हे खिडकीकडं बघत म्हणाले, "गोठ्यात शिकवलं म्हणून सांगू त्या सायबाला? माझ्या नोकरीची काय अब्रू राहिली असती?"

चार माणसं माना वळवून बघायला लागली, म्हणून मी तोंड मिटलं. माझंबी चुकलं तिथं.

पंधरा दिवसांत गावभर झालं, नागोजीची पोरगी उंचीला भ्याली. शेजारच्या भावकूनं मला सांगितलं, ह्यांनीच देवळाच्या कट्ट्यावर सांगितलं म्हणून. मी यल्लूपुढं गेले. ती म्हणाली, "मलाबी इचारलं लोकांनी. व्हय, भ्या वाटलं म्हटलं."

टीसीएचची सीट परत मिळाली न्हाय. आता यल्लू मच्छे गावच्या कारखान्यात नटबोल्टाच्या पुड्या भरती. सांजच्याला घरी आली की हे हाक मारत्यात, "ये गं, जरा बस, हाताची सवय मोडंल." आणि ती जाती. दमून आलेली पोरगी त्या खुर्चीत बसती आणि हे मागनं तारा ओढत्यात.

परवा तिला मी म्हटलं, "कशाला जातीस गं त्या गोठ्यात? थू म्हण त्याच्यावर."

तर म्हणाली, "आई, आप्पांना एवढंच येतंय."

तिला कीव येती बापाची. एवढं मोठं मन माझं न्हाय.