मोठा बांध

"बाबा, तू घाबरलायस," सोरखा म्हणाली.

"मी कशाला घाबरू? शर्यतीत तू उतरणार आहेस," मलाकी गुरगुरला, पण हातातली काठी ओल्या गवतात उगाच टोचत राहिला. लेकीपुढे त्याचं सोंग कधी टिकलं नव्हतं.

ईस्टरच्या शर्यतींना नवे स्वार आले, की सकाळी त्यांना किल्कॅरनचं मैदान पायी फिरवून दाखवायचं, हे मलाकीचं काम. कुठे जमीन बसते, घोडं कुठे बुजतं, सगळं तो सांगे. शेवटी यायचा मोठा बांध, पुरुषभर उंचीचा. घोड्याने त्यावर चढायचं, माथ्यावर पाय सावरायचे आणि पलीकडचा चर ओलांडून उडी घ्यायची. तिथे तो प्रत्येकाला एकच सांगे: लगाम सैल सोडा, पाय कुठे टाकायचा ते घोड्याला कळतं. आज मात्र स्वार त्याची स्वतःची लेक होती, आणि घोडी घरच्या तबेल्यात जन्मलेली हेझल. बांधापाशी येऊन तो थांबला.

"माथ्यावर लगाम जरा आवळून धर," तो म्हणाला.

"काय? सगळ्यांना तर सैल सोडायला सांगतोस!"

"सगळे काय माझी पोरं आहेत? आवळून धर म्हटलं ना."

"बरं बाबा, धरते," सोरखा हसली.

दुपारी मलाकी बांधापाशी उभा होता. टापा जवळ आल्या. पुढचे दोन घोडे सुखरूप उतरले. मग हेझल माथ्यावर चढली. तिला मान खाली घालून चर बघायचा होता. सोरखाने लगाम घट्ट धरला होता.

"सोड! अगं, सोड!" मलाकी ओरडला.

घोडीचा पाय हुकला.

सोरखा चिखलातून उठली. हेझल उठेना. तिचा पुढचा पाय भलतीकडेच वळला होता.

मलाकीने सोबत्याबरोबर हिरवा पडदा आणला आणि लोकांना दिसू नये असा ताणून धरला. पाय मोडलेल्या घोड्याला गोळी घालायची वेळ आली, की हेही त्याचंच काम. आत घोड्यांचा डॉक्टर, घोडी आणि सोरखा. "उगी गं माझी राणी," एवढं लेकीचं बोलणं त्याला ऐकू आलं. मग बार झाला. त्याने पडदा हलू दिला नाही.

सोरखा खोगीर घेऊन बाहेर आली.

"मी आवळूनच धरला होता, बाबा."

आवाजात तक्रार नव्हती. तेच त्याला सोसवेना.

"दे इकडे ते खोगीर. जड आहे."

"राहू दे. तुझे हात कुठे मोकळे आहेत?"

ती एकटीच मैदानातून चालत निघाली. हेझलला न्यायला गाडी येईपर्यंत मलाकीला पडदा सोडून जाता येणार नव्हतं.