एक नंबरचं दार

आकड्यांशी चांदभाईचं लहानपणापासूनच वाकडं. वखारीत पोती मोजायला उभं केलं की त्याची मोजणी हमखास चुकायची, आणि गिरणीवरचं काम तर दोन दिवसांतच सुटलं. म्हणून सन त्रेचाळीसमध्ये नगरात राधाकृष्ण शेठच्या नव्या चाळीची देखरेख त्याला मिळाली, तेव्हा बायको मुबारकबीने दर्ग्यात गूळ वाटला. बारा खोल्यांपैकी फाटकाजवळची त्यांना राहायला होती. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी मुनीम रंगनाथने पत्र्याच्या बारा नंबरपाट्या आणून टाकल्या. "शुक्रवारी शेठ येणार. त्याआधी दारांवर ठोक," एवढं बोलून तो श्रीगोंद्याला निघून गेला.

मुबारकबीने पाट्या ओळीने मांडून दिल्या. आता कोणती कोणाला? चांदभाईने विचार केला, जो आधी राहायला आला त्याचा मान आधी. पाथर्डीची झुंबरबाई कौलं चढायच्या आतच कोपऱ्यातल्या खोलीत आली होती. एक नंबर तिचा. मग आसाराम, मग छगन, असं करत, चाळ भरल्यावर सगळ्यांत शेवटी आलेला तो स्वतः. बारा नंबर फाटकापाशी ठोकून भला माणूस मोठ्या समाधानाने मोकळा झाला.

शुक्रवारी मुनीमाने फाटकातच कपाळावर हात मारला. बारा, सात, तीन, नऊ! "चांदभाई, एवढंही कळू नये तुला? बोचकं बांधायला घे!"

मुनीमामागे शेठ उभेच होते.

"एक नंबर कोपऱ्यात कसा?" त्यांनी विचारलं.

"झुंबरमावशी पैली आली, शेठ. तिचं दार पावसाळ्यात फुगतं, म्हून म्या खालून रंधा फिरवला. आसारामचं कौल सरकलं हुतं, परवा बशिवलं. अन् छगनच्या मागची ही भिंत बघा, नळाचं पानी मुरतंय तिच्यात. मुनीमजींना दोनदा सांगितलं हाय."

शेठनी भिंतीला हात लावला. ओली होती. त्यांच्या दुसऱ्या चाळीची भिंत मागच्या साली अशीच पाणी मुरून बसली होती, आणि ती पडेपर्यंत त्यांना कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. ते मुनीमाकडे वळले. मुनीम घाईघाईने वही चाळू लागला, पण वहीत भिंतीचं काहीच नव्हतं.

"वही तुम्ही सांभाळा," शेठ म्हणाले, "चाळ चांदभाई सांभाळेल. पाट्या मात्र ओळीने लावा, नाहीतर पोस्टमनला वेड लागेल."

चांदभाईचे डोळे भरून आले. नोकरी राहिली होती. पण फाटकापासून ओळ धरली तर एक नंबर त्याच्याच दाराला येत होता, आणि झुंबरबाईच्या दारावरची पाटी काढायला त्याचा हात धजेना. संध्याकाळपर्यंत बाकीच्या सगळ्या पाट्या लागल्या, तेवढी एक राहिली.

शेवटी म्हातारीच पाटी उपटून घेऊन फाटकापाशी आली.

"मावशी, मान तुमचा हाय," चांदभाई ओशाळून म्हणाला.

"मानाचं ऱ्हाऊ दे. अडलं-नडलं की आमी समदी पैल्यांदा कुनाच्या दारी येतो?"

तिने पाटी स्वतःच्या हाताने त्याच्या चौकटीवर धरली. "मार खिळा," ती म्हणाली.