करंजडोहातली हाडळ

जुन्नरच्या नदीकाठी भुताटकीची म्हणून जेवढी ठिकाणं लोक सांगत, ती सगळी मी पालथी घातली होती. मी वजीर, जातीचा कागदी, हाताने कागद बनवणारा. दिवसभर चुन्यात भिजलेला तागाचा नि चिंध्यांचा लगदा कुटून जीव विटला, की मी कुकडीच्या काठाने नाहीतर शिवनेरीमागच्या आडवाटांनी भटकायला निघे. पडक्या घाटावर कण्हणारं भूत म्हणजे घुबड निघालं. कड्याखाली रडणारी बाई म्हणजे पाझरणारा खडक निघाला. लोकांना घाबरायला काहीही पुरतं.

राहिला होता करंजडोह. प्लेगात मेलेल्यांचे कपडे जाळायचा हुकूम होता, पण लोक ते गुपचूप वरच्या अंगाला नदीत सोडत आणि ते वाहत येऊन त्या डोहात अडकत. तिथे पांढरी हाडळ झाडाला लोंबकळते, असं जुने कपडे विकणाऱ्या सोमाजीने बाजारभर केलं. तेव्हापासून डोहाची वाट मोडली ती मोडलीच.

मलाही तेव्हा हाडळ बघायची हौस नव्हती. माझ्या बायकोचे, आमिनाचे, दिवस भरले होते. आधीची दोन मुलं आम्ही महिन्याच्या आत मातीआड केली होती. आमच्याकडे तान्ह्याला पहिलं कापड नवं घालत नाहीत. खूप जगलेल्या माणसाच्या जुन्या लुगड्याचं घालतात, त्याचं आयुष्य बाळाला लागावं म्हणून. असं लुगडं सोमाजीकडे मिळालं. हिरव्या काठाचं, बेल्ह्याला नव्वदीत गेलेल्या त्याच्या आजीचं. अर्धं त्याने मला दिलं, अर्धं आठवण म्हणून ठेवलं.

माझी सासू ताजबी नाकाला पदर लावून म्हणाली, याला कसला तरी उग्र वास येतोय. मला काही येत नव्हता. मी कापड चुरगाळून पाहिलं आणि तिला हसलो. चिंध्यांत जन्म गेलेल्या माणसाला कापड शिकवू नका म्हणालो. हे शंभर धुण्यांचं आहे, माझा हात सांगतोय.

दोन दिवसांनी दुपारी आमिनाला कळा सुरू झाल्या आणि सुईणीने मला घराबाहेर काढलं. पाय एका जागी ठरेनात. नदीपलीकडे बाभळींतून एक शेळ्यांची वाट जाते, गुराखीही ती सहसा धरत नाहीत. त्या वाटेने चालत सुटलो तो थेट करंजडोहाच्या मागच्या अंगाला निघालो.

आधी घाण आली, भिंतीत घूस मरून पडल्यासारखी. मग हाडळ दिसली. करंजांच्या फांद्यांवर धोतरं, पासोड्या, लुगडी वाळत होती. खाली दगडावर उकिडवा बसून सोमाजी एका कुंचीवरचा वाळलेला पू नखाने खरवडत होता. लहान मुलाची कुंची. नख धोतराला पुसायचा आणि पुन्हा खरवडायचा. शेजारी माझ्या हौदातल्या चुन्याची मडकी होती. भिंती सारवायला म्हणून तो दर आठवड्याला फुकट मागून न्यायचा आणि मी मोठ्या मनाने द्यायचो.

फांदीवर हिरव्या काठाचं अर्धं लुगडं होतं.

"हे तुझ्या आजीचं ना?" मी विचारलं.

"तसं म्हनल्याबिगर कोन घेतंय, भाऊ?" तो शांतपणे म्हणाला. "चुन्यात घातलं की डाग न्हाई, वास न्हाई. तुमचाच चुना हाय."

त्याची शिसारी आलीच, पण माझ्या नाकाची जास्त आली. चुन्याच्या ज्या वासात मी जन्म काढला, तोच मला लुगड्याला येत नव्हता.

धावत घरी पोचलो तर मुलगी झाली होती. आमिना थकून हसली.

"कापड लई मऊ हाय," ती म्हणाली. "गुंडाळली अन् लगेच निजली बघा."

मी ते कापड पोरीच्या अंगावरून ओरबाडून काढलं. पोर किंचाळली. ताजबीने आपला पदर टर्रकन फाडला आणि तिला त्यात घेतलं. मी अंगणात लुगडं जाळलं, मग राखेने, वाळूने हात घासले. कातडी निघाली, तरी वास गेला की नाही हे मला कळेना. शेवटी ते हात ताजबीपुढे धरले.

तिने हुंगून पाहिलं. "येतोय," ती म्हणाली.

आत पोरगी रडत होती. मी उंबऱ्याबाहेरच बसून राहिलो.