पाय दाबताना हलायचं नाही

मी अमेरिकेतल्या टेनेसीतली एक घोडी बोलतेय. नाव मेबल, वय अकरा, एका मुलीची आई. त्या शनिवारी माझी टॅन्सी पहिल्यांदा प्रदर्शनात उतरणार होती. आधीचे आठ दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, कारण एक गोष्ट मी तिला शिकवलीच नव्हती.

मी तशी शिकलेली. आमच्या जातीला जन्मतःच एक चाल असते. मागचा पाय पुढच्याच्या ठशापलीकडे पडतो, मान तालात हलते, आणि पाठीवरच्या माणसाच्या हातातली कॉफीही सांडत नाही. पण लोकांचं तेवढ्यावर भागेना. पुढचे पाय छातीपर्यंत उचलले तर टाळ्या. म्हणून माझे मालक हर्शेल गॉसेट माझ्या खुरांखाली कातड्याचे जाड थर ठोकत, घोट्यांना झोंबणारं तेल चोळून वर प्लास्टिक गुंडाळत आणि मग साखळ्या घालत. पाय टेकला की आग. पाय उंच जाणारच. त्याला लोक ऐट म्हणत.

प्रदर्शनाआधी डॉक्टर अंगठ्यांनी घोटे दाबून बघतात. घोडा दचकला की पाय दुखावलेत असं धरून बाद. त्याचीही शिकवणी होती. हर्शेल घरीच घोटे दाबत, आणि मी हलले की नाकावर काठी. महिन्याभरात मी दगडासारखी उभी राहायला शिकले. पहिल्या नंबराच्या सात निळ्या फिती जिंकल्या. पोटदुखीत माझ्याजवळ गवतावर बसून राहणारेही हर्शेलच होते, हे का सांगावंसं वाटतं कोण जाणे.

टॅन्सी पोटात राहिली तेव्हा त्यांच्या मुलीने, नडीनने, माझे थर आणि साखळ्या काढल्या. तेव्हापासून बापलेकीत वाद.

"साध्या नालेवर कोण बघणार आहे तिला?" हर्शेल उकडलेल्या शेंगा सोलत म्हणत.

"बाबा, मेबलची चाल बघत होते का लोक? तिचं दुखणं बघत होते."

"त्या फिती तूच टांगल्यास भिंतीवर."

"मीच उतरवल्यात. तुमचं लक्ष नाही."

शेवटी ठरलं. टॅन्सी एकदा साध्या नालेवर उतरेल. निळी फीत मिळाली तर नडीनचं खरं. नाही मिळाली तर सोमवारी थर, तेल आणि साखळ्या.

माझा घोर वेगळाच. हलायचं नाही, हे पोरीला शिकवावं का? शिकवलं तर दुखणं गिळायची सवय लागेल. नाही शिकवलं आणि हलली, तर बाद. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगू. रोज ती येऊन माझी शेपटी ओढायची आणि सांगायचं राहून जायचं. ही माया होती की भित्रेपणा, मला अजून कळलेलं नाही.

शनिवारी सोबत म्हणून मलाही नेलं. कुंपणाला बांधलेली मी बघत होते. डॉक्टरबाई वाकल्या, टॅन्सीच्या घोट्यावर अंगठे टेकवले. आणि टॅन्सी हलली. नुसती हलली नाही, तर मान वळवून बाईंची टोपीच दातांत धरली.

हर्शेलचा हात सवयीने वर गेला.

"बाबा," नडीन हळूच म्हणाली. "हात."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं. मग त्याच हाताने टोपी सोडवून बाईंना दिली. "माफ करा बाई. लाडावलीय घरात."

बाईंनी दोन्ही घोटे पुन्हा दाबले, सावकाश. टॅन्सीचं सगळं लक्ष टोपीकडे.

"पाय दुखणारी घोडी टोप्या पळवत नाही, गॉसेट. जाऊ द्या आत."

रिंगणात ती चालली. साखळ्यांचा आवाज नाही, नुसता खुरांचा ताल. तिच्या पाठीवर नडीन अशी बसली होती जणू घरच्या ओट्यावर. तिसऱ्या फेरीला लोक बोलायचे थांबले. पाचव्या फेरीला उभे राहिले. निळी फीत तिच्या लगामाला लागली तेव्हा हर्शेलच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या होत्या.

"ही चाल मी नाही शिकवली," ते पुटपुटले. मग माझ्याजवळ आले आणि माझ्या नाकावर, जिथे काठी बसायची तिथे, हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी हलले नाही. या वेळी मनापासून.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. टाळी वाजवण्याआधी एकदा पायांकडे बघा.

टॅन्सी फीत मिरवत आली. मी आधी तिचे घोटे हुंगले. गार, मऊ केसांनी भरलेले. त्या तेलाने माझ्या घोट्यांवर अजून केस उगवत नाहीत.

"बाईंनी दाबलं तेव्हा काय वाटलं गं?" मी विचारलं.

"गुदगुल्या," ती म्हणाली. "तुला नाही होत?"