झऱ्यावरचा षटकार

आमच्या एल्डरलो गावात जूनच्या शेवटच्या शनिवारी झरा सजवतात. मोठ्या लाकडी फळीवर ओली माती थापायची, तिच्यात पाकळ्या दाबून चित्र करायचं आणि ते झऱ्यावर उभं करून पाण्याचे आभार मानायचे. रंग चालत नाही, प्लॅस्टिक चालत नाही. उगवतं तेवढंच वापरायचं. पाकळ्या खालून वर लावायच्या, कौलांसारख्या एकीवर एक, म्हणजे पाऊस घसरून जातो. पाऊस येतोच.

फळीचं चित्र गेली एकतीस वर्षं नोरा फर्नेस काढते. वय बहात्तर, पोस्टातून निवृत्त. ही आपली शेवटची फळी, असं तिनं मे महिन्यातच जाहीर केलं होतं. कारण विचारल्यावर "कंटाळा आला" एवढंच म्हणाली. खरं कारण तिच्या एप्रनच्या खिशात असे. चष्मा तिनं नाकावर ठेवलेला आम्ही फारसा पाहिला नव्हता.

यंदाचा विषय न भांडता ठरला. गावाच्या क्रिकेट क्लबाला शंभर वर्षं झाली होती आणि क्लबात सांगण्यासारखी गोष्ट एकच होती. साठ वर्षांपूर्वी शेजारच्या हार्टन गावाविरुद्ध शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. चोवीस वर्षांच्या विल्फ ऑलसपनं मारलेला चेंडू मैदानाची दगडी भिंत ओलांडून थेट झऱ्याच्या कुंडात पडला. विल्फ डावखुरा. उजव्या हाताच्या फलंदाजाला त्या बाजूला तसा चेंडू मारताच येणार नाही, असं गाव मानतं आणि हार्टनवाल्यांना दर वर्षी सांगतं. विल्फ आता चौऱ्याऐंशीचा आहे, चाकाच्या खुर्चीत बसतो, पण अजून चहाचा कप डाव्या हातानंच उचलतो आणि कोणी बघत असेल तर जरा जास्तच उंच उचलतो.

"खाली नाव लिहायचं का?" असं कोणीतरी विचारलं होतं.

"विल्फचं? या गावात?" नोरा म्हणाली होती. "नाव कशाला हवंय!"

मंगळवारी आम्ही मीठ घातलेली माती पायांनी तुडवली. बुधवारी नोरानं पातळ कागदावरचं चित्र फळीवरच्या मातीवर अंथरलं आणि रेघारेघांवर टाचणी टोचून ते खाली उतरवलं. गुरुवारी त्या टिंबांवर झाडांची सुकी काळी बोंडं रोवून बाह्यरेषा झाली. शुक्रवारी दुपारपर्यंत विल्फच्या पांढऱ्या कपड्यांवर डेझीच्या पाकळ्या लागल्या, पार्स्लीच्या बारीक पानांनी मैदान हिरवं झालं, चेंडूच्या जागी जिरेनियमच्या लाल पाकळ्या बसल्या. मेव्हिस ग्रॅटन, म्हणजे नोराची शाळेपासूनची मैत्रीण, डेझीची आणखी एक टोपली घेऊन, जिथे आम्ही फळी करत होतो त्या गावाच्या हॉलमध्ये आली आणि फळीसमोर उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

"नोरा, विल्फ डावखुरा ना गं?"

"दहा वर्षांच्या पोराला विचार, तोही सांगेल."

"मग हा कोण?"

नोरानं खिशातून चष्मा काढला. हॉलमधले अकराही जण फळीभोवती जमले. कागद पातळ होता, रेघा दोन्ही बाजूंनी दिसत होत्या. तिनं तो उलटा अंथरला होता. फळीवर एक उमदा, उजव्या हाताचा फलंदाज उभा होता आणि त्याचा चेंडू झऱ्याच्या विरुद्ध दिशेला, चर्चच्या दफनभूमीकडे निघाला होता.

"अक्षरं असती तर ती उलटी दिसून बुधवारीच कळलं असतं," मेव्हिस म्हणाली. "पण नाव कशाला हवंय!"

"मेव्हिस, गप्प बैस."

"बसते. पण टोपली कुठे ठेवू ते सांग."

सगळं खरवडून पुन्हा करायला दीड दिवस हवा होता. आमच्याकडे एक दुपार होती. मेव्हिसच्या त्या टोपलीपलीकडे डेझीही उरल्या नव्हत्या, मैदानातलं गवत सकाळीच कापलं होतं. कोणीतरी सुचवलं, म्हाताऱ्याची नजर अधू आहे, लांबून दाखवू. नोरानं चष्मा न काढता त्याच्याकडे पाहिलं.

"माझी नजर अधू आहे," ती म्हणाली. "त्याची नाही. उद्या पडदा काढायच्या आधी मी स्वतः जाऊन सांगते. आता पार्स्ली द्या इकडे."

ती सबंध दुपार चष्मा लावून काम करत होती. इतकी नीट लावलेली पाकळी मी तिच्या हातून दहा वर्षांत पाहिली नव्हती.

शनिवारी दोन वाजता बँड वाजवत मिरवणूक झऱ्याशी आली. हार्टनची माणसंही आली होती. ती फुकटच्या केकला नेहमी येतात. विल्फची नात त्याची खुर्ची ढकलत आली. त्यानं क्लबाची जुनी टोपी घातली होती आणि कुठूनतरी त्या षटकाराची बॅटही आणून मांडीवर घेतली होती. नोरा गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे निघाली, आणि तेवढ्यात वाऱ्यानंच पडदा काढला.

फळीवर पडदा म्हणून घातलेली चादर कुंडात पडली. बँड थांबला.

हार्टनचा एक जण मोठ्यानं म्हणाला, "आम्ही साठ वर्षं सांगतोय, तो चेंडू तिकडे गेलाच नव्हता!"

कोणी हसलं नाही. नोरा खुर्चीपाशी पोचली होती.

"विल्फ, चूक माझी आहे. कागद उलटा ठेवला. चष्मा खिशात होता."

विल्फ चित्राकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलू लागले. नात घाबरून पाणी शोधू लागली, पण म्हातारा हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"माझ्या बापानं," त्याला बोलता येईना, "माझ्या बापानं सात वर्षं पट्टा मारून मारून मला उजवा करायचा प्रयत्न केला. शाळेत मास्तरांनी डावा हात पाठीमागे बांधला. कोणाला जमलं नाही. आणि या नोरानं डेझी लावून तीन दिवसांत करून टाकला! बाप आज कबरीत टाळ्या वाजवत असेल. बघा, चेंडूही त्याच्याकडेच चाललाय!"

मग मात्र सगळे हसले. पाद्रीबाईंना झऱ्याला आशीर्वाद देताना दोनदा थांबावं लागलं. मध्येच सर आली, पाच मिनिटं झोडपून गेली, आणि उजव्या विल्फची एकही पाकळी जागची हलली नाही. हार्टनवाल्यांनी त्याच्याबरोबर रांग लावून फोटो काढून घेतले.

चहाच्या टेबलाशी विल्फनं नोराला जवळ बोलावलं.

"शेवटची फळी म्हणे?"

"एकतीस झाल्या."

"आणि मला असा उजवा ठेवून जाणार? ते चालायचं नाही, पोरी. पुढच्या जूनमध्ये मला डावा करायचा. तोवर मी मरत नाही."

"वर्षभर वाट बघशील?"

"तू फळी करणार असशील तर."

मेव्हिस सँडविच खाता खाता म्हणाली, "हो म्हण. नाहीतर याला वर जाऊन बापाला तोंड द्यावं लागेल."

नोरानं खिशातून चष्मा काढून नाकावर ठेवला.

"मग आधी नीट बघू दे. हात वर कर."

विल्फनं केकसकट हात वर केला. डावा.