सेन्यच्या पुढचा बंद रस्ता

मित्रांनो, रोज सकाळी शाळेच्या कार्यशाळेत तुम्ही हातात पाने-पक्कड घेऊन ज्या लोखंडाभोवती गोळा होता, ते लोखंड म्हणजे मी, एक जुनी मोटरसायकल. माझे इंजिन तुम्ही इतक्या वेळा खोलले आहे की माझ्या पोटात काय दडले आहे हे तुम्हाला पाठ झाले असेल. पण माझ्या टाकीवर हे पाच खोल पोचे कसे पडले, हे तुमच्यापैकी कोणी विचारले नाही. आज ते सांगते.

उत्तरेकडच्या एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. तापलेल्या भट्टीतून निघाले, घणाखाली ठोकली गेले, गडद हिरव्या रंगात बुडून बाहेर आले. माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. तो मला फक्त रविवारी बाहेर काढी आणि चढावर हळूहळू नेई. मग रिएका या बंदराच्या शहरातल्या येर्को मातुलिचने मला विकत घेतले आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले.

येर्को गोदीत वेल्डर होता. उंच, रुंद, आवाजाने मोठा. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती आणि अकरा वर्षांची मुलगी नेदा एवढेच त्याचे घर उरले होते. कामावरून आला की तो ठिणग्यांनी भाजलेल्या हातांनी माझी चेन पुसायचा. "माझी राणी" म्हणायचा. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, पण कौतुक मलाही कळत असे.

त्याचा मित्र लिव्हिओ त्याच गोदीत विजेची कामे करी. लिव्हिओ निघण्यापूर्वी चाकांतली हवा दोनदा तपासायचा आणि निघाल्यावर एकदा थांबून तिसऱ्यांदा. येर्को त्याला "आजीबाई" म्हणे. लिव्हिओ त्यावर हसे आणि हवा तपासत राही.

त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने थेट दक्षिणेकडच्या दुब्रोव्निक शहरापर्यंत जायचा बेत केला. नकाशा माझ्याच सीटवर पसरला होता. बदामाची झाडे फुलली होती, पण सकाळी अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा दिसायचा. हवेचा काहीच भरवसा नव्हता.

"चार दिवस," येर्को म्हणाला. "दोन जायला, दोन यायला."

"सहा," लिव्हिओ म्हणाला. "चार चालवायला, दोन राखीव. बुरा सुटला तर बसायला."

बुरा म्हणजे आमच्या वेलेबित डोंगरावरून समुद्रावर कोसळणारा वारा. तो सुटला की बंदरातल्या होड्या दोरखंड तोडतात आणि घरांची कौले उडतात.

"बसायला? तू सहलीला निघालायस की दवाखान्यात भरती व्हायला?"

"दवाखान्यात जाऊ नये म्हणून बसायचं."

"तुझी बायको बरोबर बोलते. तुला लग्नाच्या दिवशीसुद्धा छत्री लागली होती."

"आणि तुझी असती तर तिने तुला मार्चमध्ये जाऊच दिलं नसतं," लिव्हिओ बोलून गेला.

येर्कोची मूठ त्याच्या तोंडावर बसली. लिव्हिओ मागे कोलमडला, त्याचे डोके माझ्या हँडलवर आदळले. त्याच्या ओठांतून रक्त निघाले आणि नकाशावर सांडले. तो उठला, खिशातल्या रुमालाने आधी नकाशा पुसला, मग तोंड. आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो सुजलेल्या ओठाने परत आला. "मी तिचं नाव काढायला नको होतं," तो म्हणाला.

येर्कोने बराच वेळ माझ्या ब्रेकची तार ओढून पाहिली. "बरं. एक दिवस राखीव," तो म्हणाला. "एकच."

त्याला माफी मागता येत नसे. एवढेच त्याला जमले.

नेदाला आत्याकडे सोडून आम्ही निघालो. सकाळी ऊन होते, समुद्र थाळीसारखा सपाट होता. लिव्हिओची लहान लाल मोटरसायकल माझ्या मागे खडखडत येत होती. सेन्य गावाला पोहोचेपर्यंत वेलेबितच्या माथ्यावर ढगांची पांढरी टोपी बसली होती. गावात शिरताच पहिला झोत आला आणि एका खानावळीची खुर्ची रस्ता ओलांडून पाण्यात पडली.

गावाबाहेर रस्त्यावर लाल-पांढरा दांडा आडवा लावलेला होता. तिथला राखणदार आपल्या गाडीतून रस्त्याची पाहणी करायला पुढे गेला होता.

"बंद आहे," लिव्हिओ ओरडून म्हणाला. वाऱ्यात साधे बोललेले ऐकू येत नव्हते.

"ते मोठ्या ट्रकसाठी!"

"पाटीवर मोटरसायकलचं चित्र काढलंय. तुझ्यासारखीच जाडजूड आहे."

"दोन तासांत पुढचं गाव, कार्लोबाग. तिथे जेवू."

"येर्को, एक दिवस आहे ना हातात? तो आजच वापरू. समोर कोबी-घेवड्याची आमटी शिजतेय, पत्ते खेळू. तू जिंकशील, मी तुला जिंकू देईन."

येर्को हसलासुद्धा. मला वाटले, आता तो किल्ली फिरवून मला बंद करील. पण तो उतरला, दांडा उचलून बाजूला सरकवला आणि पुन्हा माझ्यावर बसला.

"आजीबाईने इथेच थांबावं," तो म्हणाला.

लिव्हिओ थांबू शकला असता. आरशात मी त्याला पाहिले. त्याने दांड्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि येर्कोला एकटे सोडवेना म्हणून गाडी आमच्या मागे घातली.

चार किलोमीटर आम्ही कसेबसे काढले. वारा सरळ वाहत नव्हता, तो मारत होता. थांबायचा, दम घ्यायचा आणि पुन्हा बुक्का हाणायचा. समुद्राचे पाणी सोलून निघाल्यासारखे वर उडत होते आणि धुरासारखे पळत होते. डोंगरावरचे खडे माझ्या दिव्यावर, येर्कोच्या छातीवर आपटत होते. एका घळीच्या तोंडाशी रस्ता वळतो. तिथे मी आडवी फेकली गेले, पंचवीस पावले घासत गेले आणि रस्त्याच्या कठड्याला अडकले. येर्को माझ्याखालून सुटून डांबरावर पालथा पडला.

त्याच झोताने लिव्हिओला गाडीसकट उचलले. खरोखर उचलले, मित्रांनो. दोन्ही चाके रस्त्यापासून सुटलेली मी पाहिली. गाडी कठड्यावर आदळली आणि तिच्या व कठड्याच्या लोखंडी पट्टीच्या मध्ये त्याचा उजवा पाय चिरडला गेला. त्याची किंकाळी वाऱ्याने आमच्यापर्यंत येऊच दिली नाही. फक्त उघडे तोंड दिसले.

येर्को उभा राहिला, वाऱ्याने त्याला पाडले. मग तो गुडघ्यांवर, कोपरांवर सरपटत गेला. त्याने गाडी ढकलून दूर केली. लिव्हिओचा पाय गुडघ्याखाली पाय राहिला नव्हता. येर्कोने कमरेचा पट्टा काढून मांडीला आवळला, दातांनी ओढला आणि मित्राच्या अंगावर पालथा पडून राहिला, वारा त्याला समुद्रात ओढून नेऊ नये म्हणून. राखणदाराची गाडी येईपर्यंत पाऊण तास तो तसाच होता. त्याच्या पाठीवर दगड पडत होते.

पाय कापावा लागला.

आठवड्याने येर्कोच्या गॅरेजमध्ये एक पोलीस वही घेऊन आला. मी कोपऱ्यात उभी होते.

"दांडा कोणी सरकवला एवढंच लिहायचं राहिलंय," तो म्हणाला. "तुमचा मित्र म्हणतो, त्यानेच. आधी तोच घुसला, तुम्ही त्याला आणायला मागे गेलात."

येर्को खाली पाहत होता. दारात नेदा दप्तर घेऊन उभी होती.

"तो म्हणतो ते खरं असेल," येर्को म्हणाला.

पोलीस गेला. नेदा घरात गेली. येर्कोने दार लावले, भिंतीवरचा घण काढला आणि माझ्यावर चालवला. पहिल्या घावात दिवा फुटला. मग टाकीवर एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक घावाबरोबर त्याच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघत होता. मला त्याचा राग आला नाही. त्याला मारायचे कोणाला होते ते मला कळत होते.

मग माझ्यावर ताडपत्री पडली. सात वर्षे. सीटमध्ये उंदरांनी पिल्ले घातली, चेन गंजून एका तुकड्याची झाली. येर्को लिव्हिओला भेटायला एकदाही गेला नाही. गॅरेजमध्ये येणारे लोक बोलत ते मला ऐकू येई. ज्याने आयुष्यभर चाकांतली हवा दोनदा तपासली, त्या लिव्हिओला सगळी गोदी बेफिकीर म्हणत होती. येर्को ऐकून घेई आणि वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढी.

एका सकाळी दार उघडले. लिव्हिओ आत आला, कृत्रिम पायावर, हातात काठी. त्याने ती काठी येर्कोच्या खांद्यावर हाणली. मग पुन्हा, बरगड्यांवर. येर्कोने हात वर केला नाही.

"हे सात वर्षं न आल्याबद्दल," लिव्हिओ धापा टाकत म्हणाला. "पायाबद्दल नाही."

"कोणतं तोंड घेऊन येणार होतो? तू खोटं का सांगितलंस?"

"तुला आत टाकलं असतं. पोरीला आई नव्हती, बापही नको होता का? आता ती अठराची झाली, झाग्रेबला शिकायला गेली. आता तुला कोणी उचलून नेलं तरी माझी हरकत नाही. कॉफी टाक."

तो तेव्हा तुमच्या या तंत्रशाळेत शिकवू लागला होता. त्याने मला मागून घेतले. येर्कोने मला सगळा चढ ढकलत आणले आणि दर शुक्रवारी तो तुम्हाला वेल्डिंग शिकवायला येऊ लागला.

गेल्या शुक्रवारचे तुम्हाला आठवतेच. इस्क्राने फळ्यावर नकाशा काढला होता. मार्चच्या सुट्टीत तुम्हा चौघांची दुब्रोव्निकची सहल.

"तीन दिवस पुरतील ना, काका?" तिने येर्कोला विचारले. "लिव्हिओ सर राखीव दिवस ठेवा म्हणतात. पण त्यांनीच तर दांडा सरकवला होता."

काही जण हसले. लिव्हिओ खिडकीशी कार्ब्युरेटर पुसत होता, तो पुसतच राहिला. येर्कोने हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवली.

"मी सरकवला," तो म्हणाला.



"मोठ्याने बोल," लिव्हिओ मागे न वळता म्हणाला. "मागच्या बाकावर ऐकू आलं नाही."

"दांडा मी सरकवला," येर्को म्हणाला. या वेळी त्याचा आवाज गोदीतला होता. "तो थांब म्हणत होता. तो माझ्यामागे आला. पोलिसांपुढे मी गप्प बसलो. आज शाळा सुटली की चौकीवर जाऊन लिहून देणार आहे."

लिव्हिओने कार्ब्युरेटर खाली ठेवला.

मित्रांनो, तुम्ही मला पुन्हा रस्त्यावर आणणार आहात, हे मी ऐकले आहे. जरूर आणा. माझी चेन कोरडी ठेवू नका, ब्रेकची तार रोज पाहा. वारा सुटला तर थांबायला दिवस राखून ठेवा, आणि तो दिवस आला की वाया गेला म्हणू नका. पुढे दांडा आडवा दिसला तर मला वळवा. मी यंत्र आहे, मला आपणहून वळता येत नाही.