खडकपूर्णेच्या डोहातला पितळी मासा

मासा म्हणाल तर मी मासाच आहे, पण पोहणारा नव्हे. बोटभर लांबीचा, पितळेचा, शेपटीशी लोखंडी गळ बांधलेला. खडकपूर्णेच्या डोहात दोन काळ्या खडकांच्या फटीत मी पडून आहे. माझ्यावरून पाणी जातं, शेवाळ जातं, खऱ्या मासोळ्या जातात. मला जाता येत नाही. दुसऱ्याला अडकवणं हाच ज्याचा जन्मभराचा धंदा, त्यानं याबद्दल कुरकुर करू नये हे मला कळतं. तरी सांगतो.

माझा जन्म देऊळगाव राजाच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सडकेचं काम पाहायला नागपूरकडून एक गोरा साहेब आला होता. संध्याकाळी तो नदीवर जाई आणि दोराला चकाकता पत्रा बांधून मासे धरी. गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही, नुसता पत्रा. ते पाहून नदीकाठचे एक शेतकरी, रंगराव, चक्रावले. दुसऱ्याच दिवशी फुटकं फुलपात्र घेऊन ते तांबटाकडे आले.

"याचा मासा करून दे," ते म्हणाले. "नाकडोळे नसले तं चालतीन. चमक पाहिजे."

तांबटानं मला ठोकलं, वाकवलं, चिंचेनं घासून लख्ख केलं. पाण्यातून ओढलं की मी लंगडत, चमकत येई. मरळीला वाटे, जखमी मासोळी चालली. ती झडप घाली आणि फसे. तिचं तोंड माझ्याभोवती मिटे तेव्हा तिची सगळी धडपड माझ्या अंगात उतरे. मला ते कधी आवडलं नाही, पण मला कोणी विचारलंही नाही.

रंगरावांचे एकच जिवलग मित्र, उकंडराव. दोघं एकाच गावचे, दोघांच्या मिशा पिकलेल्या, दोघांची वावरं नदीला लागून. गडी कामाला लावला की दोघं डोहाकाठच्या उंबराखाली येऊन बसत. उकंडरावांकडे उंबराच्याच लाकडाचा एक बेडूक होता, त्यांनी स्वतः कोरलेला. तो पाण्यावर डुबुक डुबुक करत चाले. रंगरावांची नजर बेडकावर, उकंडरावांची माझ्यावर. कित्येक महिने अदलाबदलीचा सौदा नुसता तोंडीच चालला होता.

शेवटी मार्गशीर्षातल्या एका थंड दुपारी रंगरावांनीच विषय मिटवला. "घे बे उकंडा. तुहा बेडूक माह्याकडं, माहा मासा तुह्याकडं. पण पस्तावा झाला तं परत मागायचा नाही."

"मी काऊन मागू?" उकंडराव म्हणाले आणि त्यांनी मला आपल्या दोराला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली. त्यांच्या हाताला तंबाखूचा वास होता.

मग दोघांची रोजची गोष्ट सुरू झाली. ती मला पाठ होती.

"आजकालच्या पोराइले काम नको, सावली पाहिजे," रंगराव म्हणाले.

"माह्या शाल्याचंच पाह्य ना," उकंडराव म्हणाले. शालिग्राम हा त्यांचा एकुलता एक मुलगा. "वावर सोडून खामगावच्या कापसाच्या जीनात गेला. वरतून टीनाचं छप्पर, महिना झाला की पगार. काल घरी आला तं अजून झोपून राह्यला. उन्हं अंगावर आली तरी पठ्ठ्या उठत नाही. त्याची माय म्हणते, झोपू द्या. मी म्हटलं, झोपू दे, दुसरं येते काय त्याले?"

"आपण या वयात नांगर धरत होतो."

"नांगर काय, मोट हाकत होतो."

हे बोलताना दोघं सावलीतच बसले होते. मी पाण्यात होतो, म्हणून मला हसू आलं तरी कोणाला दिसलं नाही.

तेवढ्यात मी अडकलो. उकंडरावांनी दोर जोरात ओढला आणि माझा गळ खडकांच्या फटीत जाऊन बसला. त्यांनी डावीकडून ओढलं, उजवीकडून ओढलं. मी निघेना.

"तोड दोर," रंगराव म्हणाले.

"आजच घेतला अन् आजच सोडू?"

उकंडरावांनी धोतर खोचलं आणि ते पाण्यात उतरले. पाणी छातीला लागत होतं. बुडी मारून त्यांनी मला चाचपलं. त्यांची बोटं माझ्या पाठीवरून फिरली, आणि मला वाटलं, सुटलो. पण आधारासाठी त्यांनी ज्या खडकावर पाय रेटला तो खडकच हलला. पाय फटीत घसरला आणि खडक त्यावर कलंडला.

आता एका फटीत आम्ही दोघं होतो. त्यांचा घोटा आणि मी, दोन बोटांचं अंतर. मरळीची धडपड मला ठाऊक होती. माणसाची त्या दिवशी कळली. दोन्हींत फरक नाही.

रंगराव पाण्यात आले. दोघांनी मिळून जोर लावला, पण खडक जागचा हलेना. मग रंगराव म्हणाले, "थांब इथंच," आणि आपण काय बोललो ते कळून ओशाळले. ते गावाकडे पळत सुटले.

तिकडे वरच्या अंगाला डोंगरात अवकाळी पाऊस झाला होता. आमच्याकडे थेंब नव्हता, पण पाणी गढूळ व्हायला लागलं आणि छातीचं पाणी गळ्याशी आलं. उकंडराव आधी देवाचं नाव घेत होते. मग बायकोचं, झुंबरबाईंचं घेऊ लागले. मग काहीच बोलेनात. त्यांच्या पायाची थरथर तेवढी मला कळत होती, आणि तीही मंद होत चालली होती.

शालिग्राम आला तो झोपेतून उठून तसाच, अनवाणी, खांद्यावर पहार आणि हातात मोटेचा नाडा. त्यानं नाडा बापाच्या काखेतून घेतला आणि दुसरं टोक काठावर रंगरावांच्या हाती दिलं.

"काका, सोडजा नका."

मग त्यानं बुडी मारली. पहार खडकाखाली घातली, ती घसरली. वर गेला, श्वास घेतला, परत आला. पुन्हा घसरली. किती वेळा तो वर गेला आणि खाली आला ते मी मोजलं नाही. दर वेळी त्याचे हात अधिक गार लागत होते. पाणी उकंडरावांच्या हनुवटीला टेकलं.

"शालू," उकंडराव म्हणाले, "तू निघ. तुही माय एकटी हाये."

"बा, बोलू नको. नाक वर ठेव."

"वावराचं पाहाजो."

"ते तूच पाह्यजो. नाक वर ठेव म्हटलं ना."

शेवटी त्यानं पहार टाकून दिली. पाण्याखाली तो खडकापाशी उकिडवा बसला, मान वाकवली, खांदा खडकाखाली घातला आणि दोन्ही पाय तळाला रोवले. कापसाची गाठ उचलायला हमाल बसतो तसा. त्याच्या तोंडातून बुडबुडे निघाले. त्याचा खांदा सोलवटत होता, रक्ताचा धूर पाण्यात पसरत होता. तो उठत राहिला. खडक करकरला, बोटभर वर आला, आणि माझ्या शेजारचा पाय निसटला.

शालिग्रामनं खांदा काढून घेतला. खडक परत खाली बसला, या वेळी माझ्यावर. दोर तुटला. वर काठावर रंगराव रडत होते. तेवढंच मला ऐकू आलं.

पुढचं सगळं मी काठावरच्या बोलण्यातून जोडलं. उकंडराव वाचले. पाय मात्र कायमचा अधू झाला. शालिग्राम खांद्याला हळदीचा लेप लावून परत जीनावर गेला, कारण हंगाम होता.

वैशाखात डोह आटत आला तेव्हा दोघं म्हातारे पुन्हा उंबराखाली आले. उकंडराव काठी टेकत होते. बसता बसता रंगरावांनी जुनीच गोष्ट काढली. त्यांचा पुतण्या वखर धरायला तयार नव्हता.

"आजकालच्या पोराइले..." त्यांनी सुरुवात केली. उकंडराव काठीनं माती उकरत राहिले. "काऊन बे? आज गप काऊन?"

उकंडराव म्हणाले, "शाल्या झोपला होता तवा त्याचा जखमेचा खांदा पाह्यला मी. खपली धरली होती. मंग सहज दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला. घट्टे हायेत रे रंगा. आपल्या बैलाच्या मानेवर असतात तसे. त्याची माय म्हणाली, रातपाळीले गाठी वाहते तो. चार वर्षं झाली, मले ठाऊक नव्हतं."

"त्यानं सांगतलं नाही?"

"मी इचारलं नाही."

रंगरावांनी लाकडी बेडकाची पिशवी बाजूला ठेवली. पाणी उथळ होतं, म्हणून ते उठून खडकापर्यंत आले आणि उकंडरावांच्या काठीनं फटीत टोचू लागले. काठीचं टोक माझ्या अंगाला लागलं. उजेडाची एक चीर माझ्यापर्यंत आली. आता पितळ चमकेल, त्यांना दिसेल, म्हणून मी जीव एकवटून बसलो.

"हायेच इथं तुहा मासा," रंगराव म्हणाले. "दोघा-तिघाइले बोलावलं तं निघीन."

"राहू दे," उकंडराव म्हणाले. "चाल घरी. शाल्या यायचा हाये आज."

काठी निघून गेली. त्यांच्यावर मी रागावलो नाही. रागावायलाही थोडं हलता यावं लागतं.

आता माझा गळ गंजून गेला आहे. कोणाला अडकवायचं म्हटलं तरी माझ्यानं होणार नाही. वर अजून माणसं येतात, गळ टाकतात, आपापसांत अदलाबदल करतात, पोरांना नावं ठेवतात. त्यांतल्या कोणाचा दोर कधी या खडकांत गुंतलाच, तर त्याला माझं एवढंच सांगणं आहे: बाबा, तोडून टाक. खाली उतरू नकोस. इथं मी आहे तेवढा पुरे.